उजळाईवाडी ते सांताक्रूझ : ३०८ किलोमीटरचा इतिहास

कोल्हापूर आणि मुंबई यांच्यामध्ये एक नव्हे, तीन अंतरे आहेत. रेल्वेने गेले तर ५१८ किलोमीटर. महामार्गाने गेले तर ३८० च्या आसपास. आणि उजळाईवाडीच्या विमानतळावरून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत आकाशातून मोजले तर ३०८. रेल्वेचे अंतर इतके वाढते याचे कारण नकाशा उघडला की समजते. घाट चढून पुण्याला आलेली गाडी कोरेगाव, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी करत मिरजेला जाते आणि तिथून पश्चिमेला वळून कोल्हापूर गाठते. तो शेवटचा मिरज-कोल्हापूर फाटा संस्थानाच्या खर्चाने १८९१ मध्ये सुरू झाला. रस्ता त्या मानाने सरळ, तरी खंडाळा, कात्रज, खंबाटकी हे घाट आणि कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्या चुकवता येत नाहीत. विमानाला यातले काहीच आडवे येत नाही.

हवाई अंतर म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकतो. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर कागदावरच्या सरळ रेषेने नव्हे, तर पृथ्वीच्या पोटाचा मध्य धरून काढलेल्या वर्तुळाच्या तुकड्याने मोजतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले की हे गणित शाळकरी त्रिकोणमितीने सुटते. लंडन-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात या गोलाईचा फरक मोठा पडतो, तीनशे किलोमीटरांत तो जाणवतही नाही. वैमानिक आपले अंतर सागरी मैलांत मोजतात. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या हिशेबात हा प्रवास १६६ मैलांचा. प्रत्यक्ष विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते, वळणे घेते, मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या घालते. त्यामुळे ३०८ हा आकडा किमान धरायचा.

आता नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही विमानतळ जोडले तर ती रेघ कुठून जाते? सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरत ती पाटणवरून जाते, मग जवळजवळ शिराळ्यावरून, आणि पन्हाळा उजव्या हाताला ठेवून उजळाईवाडीला पोचते. इस्लामपूर या रेघेच्या पूर्वेला जेमतेम १८ किलोमीटरवर आहे. (राज्य सरकारने २०२५ मध्ये गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. हा लेख जुन्या काळाबद्दल असल्यामुळे कागदोपत्री असलेले जुने नावच वापरतो.) म्हणजे मुंबईचे विमान वाळवा तालुक्याच्या कडेवरूनच जाते म्हणायचे. पण ते पकडायचे तर इस्लामपूरच्या माणसाने आधी मुंबईकडे पाठ करून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला जायचे, विमानात बसायचे, आणि जिथून निघाला त्या गावाच्या शेजारून पुन्हा उत्तरेला यायचे. इस्लामपूर ते मुंबई हे सरळ हवाई अंतर २७० किलोमीटर आहे. उजळाईवाडीमार्गे तेच ३५८ होते. पेठ नाक्यावरून थेट मुंबईला रस्त्याने गेले तर साडेतीनशेच्या आतबाहेर. विमानाने गेले काय आणि मोटारीने गेले काय, किलोमीटर तेवढेच पडतात.

हे गणित कुणाला गमतीचे वाटेल. माझ्या मते या भागाचा गेल्या नव्वद वर्षांचा प्रवासाचा इतिहास त्यातच आहे. दोन विमानतळांमधले अंतर बदलत नाही आणि विमाने वेगवान होत जातात. प्रवासाला लागणारा वेळ मात्र विमान ठरवत नाही. तो संस्थानांच्या हद्दी, नदीवरचे पूल, धावपट्टीखाली जाणारी जमीन आणि मुंबईत उतरायची परवानगी यांनी ठरतो, म्हणजे सगळा जमिनीवरच ठरतो.

विमानाआधी इथे अंतर मोजायची रीत वेगळी होती. कोस असे, पण त्याहून कामाचे माप मजल. माणूस किंवा बैलगाडी दिवसात जेवढी जाते ती मजल. तिच्यात अंतर आणि वेळ वेगळे काढता येत नाहीत. घाट असला की मजल आखूड होते, पावसाळ्यात आणखी आखूड. पंचांगातला दिवस, पाणवठा आणि धर्मशाळा पाहून प्रवास ठरे. इंग्रजी अमदानीत मैलाचे दगड बसले आणि पुढे रेल्वेचे वेळापत्रक आले, तेव्हा अंतर आणि वेळ हे दोन वेगळे आकडे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरांची पहिली रेल्वे धावली. त्याच वर्षी उरुण-इस्लामपूरची नगरपालिका स्थापन झाली. रेल्वे मात्र गावात कधीच आली नाही. ताकारीला उतरून पुढे बैलगाडी, नंतर सर्व्हिस मोटार, मग एस.टी. आणि आता वडाप, हा क्रम आजही फारसा बदललेला नाही. १९७१ पर्यंत पुणे-कोल्हापूर मार्ग मीटरगेज होता, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलून सामान दुसऱ्या फलाटावर न्यावे लागे. या एका बदलात किती तास जात, हे त्या पिढीतल्या कोणत्याही चाकरमान्याला विचारावे.

आणि चाकरमानी या भागात कमी नव्हते. वर सांगितलेली रेघ ज्या दोन तालुक्यांवरून जाते, त्या पाटण आणि शिराळ्याने मुंबईच्या गोदीला, गिरण्यांना आणि मसजिद बंदरच्या गोदामांना माणसे पुरवली. डोंगरउताराची जमीन, एकच पीक, आणि पावसाळा संपला की मुंबई. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्याचे फळ. ज्यांच्या गावांवरून हवाई मार्ग सर्वांत सरळ जातो, त्यांनी आयुष्यभर तो प्रवास मुक्कामी एस.टी.ने केला, आणि त्याआधीच्या पिढीने पायी.

पायी म्हणजे खरोखर पायी. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे हा मुलगा १९३१ च्या सुमारास आईवडील आणि भावंडांसह मुंबईला चालत निघाला. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, म्हणजे वय अकराच्या आसपास. वाटेत मिळेल ते काम करायचे, त्यावर पोट भरायचे आणि पुढे चालायचे, असे करत ते कुटुंब महिनोन्महिन्यांनी मुंबईत पोचले. अण्णा भाऊ साठे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या या प्रवासाबद्दल बहुतेक वेळा हालअपेष्टांची कथा म्हणून बोलले जाते आणि ते खरेही आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाटेगाव ते मुंबई हवाई अंतर २६० किलोमीटरच्या आसपास आहे. सडकेने सव्वातीनशे धरले तरी सलग चालणाऱ्याला पंधरा-सोळा दिवस पुरतात. उरलेले सगळे महिने अंतराने खाल्लेले नाहीत. ते गरिबीने खाल्ले. तिकिटाचे पैसे असते तर ताकारीला गाडीत बसून दुसऱ्या दिवशी मुंबई आली असती.

त्या पायपिटीनंतर वर्षभरातच, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूला उतरले. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली टपाल त्यांनी आणली होती. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. भारतीय विमानसेवेचा पहिला दिवस मजलीच्या वाहनाशिवाय पार पडला नाही. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली.

हा बेल्लारीचा टप्पा आपल्या कामाचा आहे. जुहू आणि बेल्लारी यांना जोडणारी सरळ रेघ सातारा जिल्ह्यावरून येऊन खानापूरजवळून, पुढे कवठेमहांकाळ आणि जत यांच्या मधून जाते. इस्लामपूरपासून ती पन्नासेक किलोमीटर पूर्वेला आहे. म्हणजे १९३२ च्या ऑक्टोबरात युरोपातली पत्रे त्या काळच्या सातारा जिल्ह्याच्या डोक्यावरून तासाला शंभरेक मैलांच्या वेगाने दक्षिणेला जाऊ लागली. त्या पिशवीत एखादे पत्र इस्लामपूरच्या नावाचे असते, तर ते मुंबईला उतरून रेल्वेने पुणे, मग ताकारी, आणि तिथून डाकवाल्याबरोबर तालुक्याला आले असते. कराची-मुंबई हा प्रवास एका दिवसात उरकलेले पत्र शेवटच्या साडेतीनशे किलोमीटरांना त्याहून जास्त वेळ घेणार. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून टाटांना पावसाळ्यापुरते विमान पुण्याला हलवावे लागे, हेही लक्षात घ्यावे. आकाश मोकळे असून उपयोग नव्हता, कारण उतरायला जमीन कोरडी लागत होती.

कोल्हापूरला विमानतळ आला तो छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये. महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले, आणि आज त्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. संस्थान होते म्हणून विमानतळ झाला, असे म्हणायला हरकत नाही. राजधानीचे शहर, स्वतःची तिजोरी, स्वतःची जमीन आणि निर्णय घेणारा एकच माणूस. इस्लामपूर तेव्हा ब्रिटिश मुलखातल्या सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. आजूबाजूला सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले. कुंडल औंधचे, शेजारचे गाव ब्रिटिशांचे, पलीकडचे सांगलीकर पटवर्धनांचे. तालुक्याच्या गावासाठी विमानतळ बांधण्याचा विचार मुंबई सरकारने करायचे काही कारण नव्हते. संस्थाने विलीन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, तेव्हा हद्दी पुसल्या गेल्या. पण धावपट्टी जिथे होती तिथेच राहिली. आज इस्लामपूरकर विमानासाठी कोल्हापूरला जातो तो अशा रीतीने १९३९ मध्ये एका संस्थानिकाने घेतलेल्या निर्णयावर चालतो.

आता वेळेकडे येऊ. ३०८ किलोमीटर जायला पस मॉथला पावणेदोन ते दोन तास लागले असते. युद्धानंतर देशभर चाललेल्या डाकोटाला सव्वा तास. पंख्याच्या एटीआर विमानाचा हवेतला वेग ताशी ५०० किलोमीटर धरला तर ३७ मिनिटे. आणि या मार्गावर अलीकडे आलेले पन्नासेक आसनांचे एम्ब्रेअर जेट ताशी ८०० ने उडाले तर २३ मिनिटे. कागदावर वेग जवळजवळ पाचपट झाला. वेळापत्रकात मात्र या प्रवासाला आजही तासाभराच्या जवळपास वेळ दाखवलेला असतो.

यात कुणाची लबाडी नाही. विमान कंपन्या वेळ मोजतात तो चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंत. त्यात धावपट्टीकडे सरकणे आले, वर चढणे आले, खाली उतरताना वेग कमी करत येणे आले. एवढ्या छोट्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने उडते ते काही मिनिटेच. चढून झाले की उतरायला सुरुवात. शिवाय मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. तिथली मिनिटे वाटून दिलेली असतात आणि ती मिळवण्याच्या रांगेत लहान शहराचे विमान मागे असते. कोल्हापूरच्या विमानाला सकाळची वेळ का नाही, संध्याकाळी परत का येता येत नाही, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा कोल्हापुरात नसून मुंबईत असते. उजळाईवाडीला तर परवापरवापर्यंत रात्री उतरायची सोय नव्हती, आणि धावपट्टी १३७० मीटरची असल्यामुळे मोठे विमान येऊच शकत नव्हते.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. इस्लामपूरहून उजळाईवाडी तास-सव्वा तास, विमानतळावर आधी पोचायचे म्हणून आणखी तास-दीड तास, हवेत एक तास, मुंबईत उतरून लालबाग किंवा ठाण्याला जायला तास-दीड तास. झाले पाच तास. मोटारीने सहा-सात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून आणि महामार्ग चौपदरी झाल्यापासून विमानाची आघाडी एवढीच उरली आहे. रात्री पेठ नाक्यावर आराम बसमध्ये झोपलेला माणूस पहाटे वाशीला उठतो. त्याच्या लेखी तो वेळ प्रवासात गेलेलाच नसतो. कोल्हापूरच्या विमानसेवा सुरू होऊन पुन्हापुन्हा बंद पडण्यात या आराम बसचा वाटा किती, हा विषय कुणी अभ्यासायला घेतला तर बरे होईल.

सेवा बंद पडण्याचा इतिहास मी तपशिलात सांगत बसणार नाही. १९५३ मध्ये खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, इंडियन एअरलाइन्सने मोठ्या शहरांकडे लक्ष दिले, आणि लहान गावांच्या वाट्याला अधूनमधून काही येत राहिले. या शतकात एक मोठी खासगी कंपनी डबघाईला आल्यावर, २०११ च्या सुमारास, कोल्हापूर-मुंबई विमान थांबले ते २०१८ पर्यंत. त्या सात वर्षांत हे ३०८ किलोमीटर कापायला किती वेळ लागत होता, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने उडान योजना जाहीर केली. तिच्यात एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण होती. सुमारे तासाभराच्या किंवा ५०० किलोमीटरच्या प्रवासाला ठरावीक आसनांपुरते २५०० रुपये भाडे. मजलीनंतर प्रथमच सरकारने अंतर आणि वेळ पुन्हा एकाच मापात बांधले, आणि त्याला किंमत लावली. त्या योजनेतून २०१८ मध्ये कोल्हापूरला पुन्हा विमान आले. मधल्या काळात कंपन्या बदलल्या, खंड पडले, पण हैदराबाद, बंगळुरू, तिरुपती हीही नावे फलकावर आली. मार्च २०२४ मध्ये नवी इमारत झाली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या सगळ्याची परीक्षा झाली. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा एकदम चढल्या. शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक जवळजवळ आठवडाभर ठप्प झाली. ट्रकच्या रांगा मैलोन्‌मैल उभ्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला नाव उलटून माणसे बुडाली. उजळाईवाडीचा विमानतळ मात्र उंचावर असल्यामुळे कोरडा होता आणि बचावपथके विमानाने तिथेच उतरली. दिल्लीहून, विशाखापट्टणमहून उजळाईवाडी काही तासांवर होते. इस्लामपूरहून ते पन्नास किलोमीटरवर असूनही गाठता येत नव्हते, कारण मध्ये वारणा आणि पंचगंगा होत्या. असेच २०२१ च्या जुलैमध्ये झाले.

मग जवळ विमानतळ का नाही, असा प्रश्न येतोच. खरे तर दोन धावपट्ट्या जवळ आहेत. एक कराडची, इस्लामपूरपासून तीस किलोमीटरवर आणि मुंबईच्याच दिशेला. पन्नासच्या दशकात, कोयना धरणाच्या काळात ती झाली. दुसरी सांगलीजवळ कवलापूरची, जिच्यावर विमान उतरून जमाना झाला. कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी सांगलीकर दर निवडणुकीला करतात. कराडची धावपट्टी वाढवायचा प्रस्ताव पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना पुढे आला, तेव्हा वारुंजी, केसे, मुंढे या गावांच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. ती जमीन कोयनेच्या पाण्याची, उसाची. आधी धरणाने विस्थापित केलेला मुलूख शेजारीच असताना विमानतळासाठी पुन्हा जमीन मागणे त्यांना पटणारे नव्हते. विमानाने प्रवास करणारा इस्लामपूरचा व्यापारी किंवा पुण्यामुंबईत स्थायिक झालेला डॉक्टर तासभर वाचवणार, आणि तो तास वारुंजीच्या कुणाच्या तरी दोन एकरांतून येणार. शेतकऱ्यांना अडाणी ठरवून विकासाचे पाढे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. एका तासाची किंमत काय, हा साधा प्रश्न त्यात कुणी विचारलेला मला आढळला नाही.

अण्णा भाऊंकडे पुन्हा येतो, कारण त्यांचा या मार्गाशी आणखी एक संबंध आहे. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. वाटेगाव-मुंबई पायी आणि तीस वर्षांनी मॉस्को. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत ते राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने, आणि वर्षातले बहुतेक दिवस ती पूर्वेकडूनच उतरतात, घाटकोपरच्या याच वस्त्यांवरून अगदी खालून जातात. कोल्हापूरहून निघालेले विमान शिराळा-पाटणचे डोंगर ओलांडून येते आणि शेवटच्या मिनिटाला चिरागनगरच्या पत्र्यांवरून सांताक्रूझच्या धावपट्टीला लागते.

आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. उजळाईवाडीपासून तो हवाई मार्गाने २८८ किलोमीटरवर आहे, म्हणजे सांताक्रूझपेक्षा वीस किलोमीटर जवळ, आणि मिनिटांच्या वाटणीत तिथे लहान शहरांना जागा मिळेल अशी आशा कोल्हापूरकर धरून आहेत. इस्लामपूरच्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. पेठ नाक्यावरून पनवेल तीनशे किलोमीटर, रात्रीच्या बसने पाच-साडेपाच तास. परदेशी जाणाऱ्या मुलाला सोडायला घरातली चार माणसे तिथपर्यंत जीपने जाऊ शकतील.